शांततेचा त्रास

आगीची भीती वाटत नाही का, हा प्रश्न मला लग्नात, रेल्वेत, मुलाच्या शाळेत, सगळीकडे विचारून झालाय. वाटते. पण प्रशिक्षणात तिची जागा ठरून जाते आणि मग ती फारशी मधे येत नाही. शिवाय आमच्या नोकरीत रोज आगच असते असंही नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी आमच्या वॉचरूमची, म्हणजे कॉल घ्यायच्या खोलीची, नोंदवही उघडली तर झाड पडलंय, मीटरबॉक्समधून धूर येतोय, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय, आजी आतून कडी लावून झोपल्यात आणि दार उघडत नाहीत, घार मांज्यात लटकलीय, खाडीपुलावरून कोणीतरी उडी मारलीय, असे कॉल ओळीने दिसतील आणि त्यांच्या मधे कुठेतरी एखादं शॉर्टसर्किट. मुंबईला लागून असलेल्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलात मी फायरमन म्हणून लागलो, आता लीडिंग फायरमन आहे. इतक्या वर्षांत माझं डोकं एकदाच बिनसलं आणि ते आगीमुळे नाही. मला शांतता सहन होईनाशी झाली.

प्रशिक्षणाबद्दल थोडं आधी सांगायला हवं, कारण मन खंबीर असणं म्हणतात ते मला तिथे वेगळ्याच रूपात भेटलं. सहा महिन्यांत शिडी, दोर, गाठी, होज, पंप सगळं झालं, पण लक्षात राहिली ती धुराची खोली. आत काळोख, जाळ्यांचे बोगदे, मुद्दाम केलेला धूर आणि पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क. सिलिंडर भरलेला असतो तेव्हा दाबाचा काटा ३०० बारवर असतो. साधारण ५५ बारला शिटी वाजायला लागते, ती वाजायच्या आत बाहेरच्या वाटेला लागलेलं बरं. कागदावर हा सिलिंडर अर्ध्या तासाहून जास्त चालतो, पण घाबरलेला माणूस तोच निम्म्या वेळात संपवतो. आमच्या बॅचमधला सगळ्यात पिळदार अंगाचा मुलगा सर्वांत आधी शिटी वाजवत बाहेर आला होता आणि कोकणातला एक काडीपैलवान सगळ्यांच्या शेवटी, जणू देवळातून दर्शन घेऊन आल्यासारखा. इन्स्ट्रक्टर ‘घाबरू नका’ असं कधी म्हणायचेच नाहीत. डावा हात भिंतीवरून काढू नका, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपा, एवढंच. धीर कोणी दिला नाही, पुढची कृती दिली. ती इतकी अंगात मुरते की पुढे खऱ्या आगीत डोकं थांबलं तरी हात चालत राहतात.

पण हे सगळं शिक्षण स्टॉप मेसेजपर्यंतचं. म्हणजे घटनास्थळावरचा अधिकारी वायरलेसवर कळवतो की आता आणखी गाड्या नकोत, परिस्थिती हातात आहे, तिथपर्यंतचं. त्यानंतर कूलिंग, होज गुंडाळणं, स्टेशनला येऊन ते धुवून टॉवरवर वाळत टाकणं, सिलिंडर भरणं, रिपोर्ट. माणसाच्या डोक्याचं पुढे काय करायचं यावर एकच वाक्य होतं आणि ते अभ्यासक्रमात नव्हतं, जुन्या लोकांच्या तोंडी होतं: ‘सवय होते रे.’ बऱ्याच बाबतींत होतेही. पहिला जळालेला मृतदेह पाहिल्यावर मला बरेच दिवस मटणाचा वास सहन होत नव्हता, पुढे व्हायला लागला. त्यामुळे वाक्यावर माझा विश्वास बसला होता.

एका जुलैत पहाटे चार मजली इमारत कोसळल्याचा कॉल आला. गाव आणि साल सांगत नाही, त्या घरांनी पुरेसं सोसलंय. जुनं भिंतींवर उभं असलेलं बांधकाम, लागून राहिलेली झड. आम्ही पोचलो तेव्हा सगळ्यात वरचा मजला जवळजवळ रस्त्याला टेकला होता आणि त्यातल्या एका खोलीतला देव्हारा जसाच्या तसा उभा होता.

ढिगाऱ्यावर काम करताना अधूनमधून शांतता करावी लागते. पोकलेन बंद, जनरेटर बंद, कटर बंद, वॉकीटॉकीचे आवाज बंद. पोलीस गर्दीला गप्प करतात. मग एकजण मोठ्याने ओरडतो, ‘आत कोणी आहे का? ऐकू येत असेल तर ठोका!’ आणि बाकीचे ठरलेल्या जागी कान लावून पडतात, स्लॅबला, पाइपला, भेगेला. कोणाला काही ऐकू आलं तर बोलायचं नाही, त्या दिशेला हात करायचा. दोन-तीन ठिकाणच्या माणसांचे हात जिकडे वळतात तिथे खणायचं. यंत्रं आता आली आहेत आवाज टिपणारी, पण पहिल्या तासांत माणसाचा कानच असतो. आपल्याकडची गर्दी कशालाच गप्प बसत नाही, पण ढिगाऱ्यासमोर ती बसते. त्या दिवशीही बसली. पाऊस तेवढा वाजत होता.

माझा कान मागच्या बाजूच्या एका ड्रेनेज पाइपला होता. पहिल्याच शांततेत ठोकल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा. मी हात केला. आम्ही तिथे हाताने विटा काढायला लागलो, घमेली हातोहात मागे जात होती. त्याच वेळी पुढच्या बाजूला एक आजी दिसत होत्या, कमरेपासून खाली बीमखाली, शुद्धीवर, आणि सतत ‘माझ्या चष्म्याला लागू देऊ नका’ म्हणत होत्या. त्यांना काढायचं तर कटर चालवणं भाग होतं. दुसऱ्या शांततेत माझ्या पाइपमध्ये पुन्हा ठोका आला, पहिल्यापेक्षा बारीक. मग शेजारच्या भिंतीची भेग रुंदावतेय असं दिसल्यावर साहेबांनी मागची बाजू रिकामी करायला लावली, टेकू लागेपर्यंत. तिसऱ्या शांततेत पाइपमधून काही आलं नाही. मी कान काढेना, तेव्हा कोणीतरी मला खांद्याला धरून उठवलं.

आजी दुपारच्या आत जिवंत निघाल्या, चष्म्यासकट. मागच्या बाजूला नंतर जे मिळाले त्यांत कोणीही जिवंत नव्हतं आणि ते एकापेक्षा जास्त होते. ठोकणारं त्यांतलं कोण, हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

त्यानंतर काय होईल असं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, स्वप्नं पडतील, इमारतींची धास्ती बसेल. तसं काही झालं नाही. ड्यूटी उत्तम चालली होती. घरी मात्र मी पंखा पाचवर ठेवायला लागलो, थंडीतसुद्धा. टीव्ही चालू ठेवून झोपायला लागलो. मुलाचं दहावीचं वर्ष होतं, संध्याकाळी सात ते दहा घरात आवाज करायचा नाही असा बायकोचा कायदा होता, आणि त्या तीन तासांत माझं अंग ताठ व्हायचं, छाती धडधडायची, कान नळांकडे, भिंतींकडे लागायचे. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली तरी मी उठून उभा राहायचो. मग काहीतरी निमित्त काढून भांडायचो, कारण भांडणात निदान आवाज तरी असतो. ‘अहो, तुम्हाला घरात करमत नाही का?’ असं बायको विचारायची. करमत नव्हतंच. सुटीच्या दिवशीही मी स्टेशनला जाऊन बसायला लागलो. तिथे सतत काहीतरी वाजत असतं. गंमत म्हणजे त्या वर्षी सगळ्यात गाढ झोप मला गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात लागली, तलावाकाठी, गाडीच्या केबिनमध्ये, समोर ढोलताशा आणि डीजे एकमेकांवर कुरघोडी करत असताना.

हे सगळं आणि तो पाइप यांचा संबंध मला लागला नव्हता, हे आज कोणाला खरं वाटत नाही. पण मी आगीच्या आणि मढ्यांच्या त्रासाची वाट बघत होतो. शांततेची कोणाला सवय व्हावी लागते, असं कोणी म्हटलंच नव्हतं.

घटनेनंतर आठवड्याभरात आमच्यासाठी एक सत्र ठेवलं होतं. बाहेरून एक वक्ते आले, सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सांगा म्हणाले. ड्यूटीवरचे निम्मे लोक घड्याळ बघत होते. एका नव्या मुलाने लहान बाळाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि ज्यांनी ते बाळ पाहिलंच नव्हतं त्यांच्याही डोक्यात ते शिरलं. सत्र संपलं, फोटो निघाला, हजेरी झाली. मला तेव्हा ते नुसतं कंटाळवाणं वाटलं होतं. या पद्धतीला इतिहास आहे हे मला नंतर कळलं. जेफ्री मिचेल नावाच्या, स्वतः अग्निशमनात आणि रुग्णवाहिकेवर काम केलेल्या अमेरिकन माणसाने १९८३ साली आपत्कालीन सेवांसाठी अशा सामूहिक सत्रांची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, २००२ सालचा कॉक्रेन आढावा, त्यात घटनेनंतर एकदाच घेतलेल्या अशा सत्राने पुढचा आजार टळतो असं काही दिसलं नाही, उलट काहींना त्रास वाढण्याची शक्यता दिसली. मिचेलला दोष देण्यात अर्थ नाही. निदान त्याने आमच्यासारख्यांच्या डोक्याचा विचार तरी केला. पण ज्याला बोलायचं नाही त्याला सगळ्यांसमोर बोलायला लावणं आणि मग महिनोन्महिने त्याच्याकडे न फिरकणं, याला मी मदत म्हणणार नाही.

मला ओपीडीत नेलं ते तात्यांनी. तात्या आमच्या गाडीचे ड्रायव्हर, निवृत्तीला आलेले. त्यांचं बीपी तपासायला सोबत चल म्हणाले, म्हणून गेलो, आणि तिथे त्यांनी आधी माझंच तपासायला लावलं. ते वाढलेलं निघालं. फिजिशियनने झोपेचं विचारलं, मी पंख्याचं सांगितलं, आणि त्यांनी केसपेपरवर दुसऱ्या विभागाचं नाव लिहून दिलं. मानसोपचार. मी कागद घडी करून खिशात घातला. तात्या म्हणाले, ‘घरी नेऊन काय लोणचं घालणार आहेस? दोन दरवाजे सोडून आहे.’

त्या बाकावर बसणं अवघड होतं. आमच्या हद्दीतलं हॉस्पिटल, रांगेतल्या एका बाईने मला ओळखलं, तिच्या चाळीतली आग आम्ही विझवली होती. ‘साहेब, इथे कॉल आहे का?’ मी हो म्हणालो. खरी भीती वेगळीच होती, सर्व्हिस बुकची. एकदा ‘मानसिक’ असा शेरा पडला की गाडीवरून उतरवून वॉचरूमला बसवतील, ही दलातली सर्वमान्य समजूत. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, मी सांगितल्याशिवाय त्या माझ्या ऑफिसला काही कळवणार नाहीत. मला कायदा माहीत नव्हता. इमारतींना लागणारा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा कलमांसकट पाठ, आणि हा नाही.

मग वीस प्रश्नांचा एक कागद. गेल्या महिन्यात अमुक त्रास किती झाला, शून्य ते चार. घटनेची आठवण नको असताना येते का, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळता का, चटकन दचकता का, चिडता का, झोप लागते का. ‘टाळता का’ला मी आधी शून्य लिहिलं. मॅडमनी विचारलं, ‘मग पंखा?’ मी खोडून चार केलं. बेरीज तिशीच्या बरीच वर गेली, म्हणजे त्रास उपचार लागण्याइतका होता. झोपेची गोळी मागितली ती मिळाली नाही. दुसरी एक गोळी मिळाली, जिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मी एक-दोनदा सोडणार होतो.

मुख्य उपचार मात्र बोलण्याचा होता आणि तो मला वाटला तसा मुळीच नव्हता. मी समजलो होतो की मन मोकळं करायचं, मॅडम समजूत काढतील. त्याऐवजी डोळे मिटून ती पहाट सुरुवातीपासून सांगायची, आणि वर्तमानकाळात. ‘मी पाइपला कान लावलाय. पाणी मानेतून आत जातंय.’ मधे थांबलो की त्या विचारायच्या, ‘आता काय दिसतंय? हात कुठे आहे?’ शेवटापर्यंत गेलो की पुन्हा सुरुवातीपासून. ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फिलाडेल्फियात ही पद्धत बसवली, असं मॅडम म्हणाल्या. पुस्तकाप्रमाणे एकेक सत्र दीड तासाचं हवं, आमच्या ओपीडीत पाऊण तास मिळाला तर नशीब, म्हणून त्यांनी ते कापून-जोडून बसवलं होतं.

सुरुवातीला माझी अवस्था आणखी वाईट झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्टेशनच्या गच्चीवर, होज टॉवरच्या आडोशाला बसलो होतो आणि अर्ध्यातच उलटी झाली. झोप होती तीही गेली. बायकोला मी तोवर काही सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, पण मुलाच्या अभ्यासाच्या वेळी तिने स्वयंपाकघरात रेडिओ बारीक चालू ठेवायला सुरुवात केली. (मॅडमना हे कळल्यावर त्यांनी तो बंद करायला सांगितलं, त्यावरून दोघींची एकदा फोनवर चांगलीच जुंपली.)

पण ऐकता ऐकता काहीतरी हलायला लागलं. माझ्या डोक्यात ती सकाळ अशी बसली होती: मी ठोका ऐकला, मला तिथून काढलं, आणि पोकलेन सुरू झाल्यावर ठोका बंद झाला. आमच्याच यंत्राखाली कोणीतरी गेलं, हे चित्र. पुन्हापुन्हा क्रमाने सांगताना लक्षात आलं की त्या बाजूला पोकलेन तेव्हा आलाच नव्हता. तो समोर होता, बंद. मागे फक्त घमेली होती. पोकलेन संध्याकाळी आला. माझ्या डोक्याने सकाळ आणि संध्याकाळ एकत्र शिवून टाकली होती. एका सहकाऱ्याला विचारून पाहिलं, दलाच्या रिपोर्टमधल्या वेळा पाहिल्या. तसंच होतं.

आणि मग खरा प्रश्न वर आला, ज्याला चुकीच्या आठवणीचाही आधार लागत नव्हता. शांतता आणखी थोडा वेळ ठेवली असती तर? मॅडमनी याचं ‘नाही हो, तुमचा काय दोष’ असं सांत्वन केलं नाही. त्यांनी विचारलं, ‘शांतता ठेवायची म्हणजे काय काय थांबतं?’ मी सांगत गेलो. जनरेटर, हॅमर, कटर. ‘कटर कुठे चालू होता?’ आजींच्या पायाशी. ‘म्हणजे तुमची प्रत्येक जादा मिनिटाची शांतता कोणाकडून घेतली जाणार होती?’ मी बराच वेळ काही बोललो नाही. चूक कोणाचीच नव्हती, तरी दोन्हीकडे एकाच वेळी पुरेसं देणं शक्य नव्हतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पंखा पाचवर केला असता. ते स्वतःच्या तोंडून, क्रमाने, वेळांसकट निघावं लागलं.

दुसरा भाग गृहपाठाचा. ज्या गोष्टी मी टाळत होतो त्यांची यादी करायची, प्रत्येकीला शंभरपैकी किती त्रास होईल ते लिहायचं आणि कमी त्रासाच्या गोष्टीपासून एकेक करत राहायची, त्रास ओसरेपर्यंत तिथून उठायचं नाही. पंखा बंद करून बसणं. नळ बंद केल्यावर बाथरूममध्ये थांबणं. त्या गल्लीतून चालत जाणं. आणि महापालिकेच्या अभ्यासिकेत तासभर बसणं, कारण आमच्या भागात खरी शांतता तेवढी एकच. मी पेपर घेऊन बसायचो, तळहाताला घाम. स्पर्धा परीक्षेची पोरं माझ्याकडे आदराने बघायची. एकाने बाहेर चहाला गाठून विचारलं, ‘काका, राज्यसेवा की कंबाइन?’ मी म्हटलं, माझी वयोमर्यादा गेली रे. तो म्हणाला, ‘प्रयत्न सोडू नका.’ त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी मोकळा हसलो. मुलाच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत घरात संध्याकाळी बसवायला लागलं होतं. सगळं गेलं असं नाही. आजही झड लागली की माझा कान पाइपकडे जातो. पण जातो आणि परत येतो.

दलात १४ एप्रिलला परेड असते. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या, स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर अग्निशमन सेवा सप्ताह त्या दिवसापासून सुरू होतो. आम्ही ६६ जणांना सलामी देतो, ती द्यायलाच हवी. बरा होत असताना एका परेडमध्ये उभं असताना माझ्या मनात त्यांच्या बाजूला उभे असलेले लोक आले, जे वाचले, ज्यांनी पुढचे दिवस गोदामांच्या आगी विझवल्या आणि मग पुढची वीस-पंचवीस वर्षं नोकरी केली. त्यांच्या झोपेबद्दल मी आजवर एकाही भाषणात ऐकलेलं नाही.

आणि काळबादेवी. ९ मे २०१५ ला गोकुळ निवासच्या आगीत इमारतीचा भाग कोसळला आणि मुंबई दलाने चार अधिकारी गमावले. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच, सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर नंतर उपचार चालू असताना. दलाचा प्रमुखच आगीच्या तोंडाशी होता. आमच्या पेशात हे नवलाचं नाही, आणि म्हणूनच ढिगाऱ्यावर ‘मागे ये’ म्हटल्यावर मी मागे आलो. सांगणारा माणूस माझ्यापेक्षा भेगेच्या जवळ उभा होता. ही गोष्टही त्या रेकॉर्डिंगमध्ये पुन्हापुन्हा ऐकल्यावर मला दिसली. आधी मला फक्त खांद्यावरचा हात आठवत होता.

मग या नोकरीत समाधान कशाचं, असं कोणी विचारलं तर लोकांना सुटकेच्या गोष्टी हव्या असतात. त्या आहेत, पण त्यांच्यावर नोकरी काढता येत नाही, कारण त्या आपल्या हातात नसतात. आणि लोक आभार मानतातच असं नाही. बहुतेकदा पहिलं वाक्य ‘उशिरा आलात’ हेच असतं, मग भले अर्धा वेळ त्यांच्याच डबल पार्किंगमध्ये गेलेला असो. मला मिळतं ते बारीक कामातून. खालून पंपवाला बरोबर प्रेशर देतोय, ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाचा नोझल, हातात स्थिर आहे, आणि समोरचा काळा धूर हळूहळू पांढऱ्या वाफेत बदलायला लागतो, तो क्षण. एका आजींच्या दाराचा कॉल आठवतो. मुलगी बाहेर रडत होती, आतून फोन उचलत नव्हत्या. आम्ही शिडी लावून गॅलरीतून आत गेलो तर आजी कानातलं मशीन काढून गाढ झोपलेल्या. जाग आल्यावर आधी किंचाळल्या, मग मोडलेली कडी बघून म्हणाल्या, ‘याचे पैसे कोण देणार?’ परतताना गाडीत सगळे हसून हसून आडवे. या कॉलची नोंद वहीत एका ओळीची आहे. माझ्या हिशेबात तिचं वजन मोठं आहे, कारण त्या दाराआड दुसरं काहीही असू शकलं असतं आणि आम्ही त्या ‘दुसऱ्या’साठी तयार होऊन गेलो होतो.

मधल्या काळात एका खासगी कंपनीत फायर ऑफिसरची जागा चालून आली होती. पगार बराच जास्त, एसी केबिन, एक्स्टिंग्विशरच्या तारखा बघायच्या आणि वर्षातून दोनदा मॉक ड्रिल. बायको घे म्हणाली, तिचं चुकत नव्हतं. मी त्यांच्याकडे जाऊन आलो. जागा चांगली होती. संध्याकाळी स्टेशनला आलो तर पोरं एका झाडपडीहून परत येऊन गाडी धूत होती, कोणीतरी चहा ठेवला होता, आणि कोणाची करवत बोथट यावर वाद चालला होता. मी कंपनीला नको कळवलं. घरी त्याचं स्पष्टीकरण मला आजही नीट देता येत नाही.

आमच्या शिफ्टला आता काही गोष्टी वेगळ्या होतात, आदेश नसताना. वाईट कॉलहून आलो की सामान लावून झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही, कारण होज धुताना माणसं जेवढं बोलतात तेवढं खुर्च्या गोल मांडून बोलत नाहीत. ज्याला बोलायचं नाही त्याला विचारत नाही. विचारायचं ते तीन-चार आठवड्यांनी: झोप कशी आहे, घरी भांडतोस का, दारू वाढली का. ज्यांचं उत्तर बरं वाटत नाही त्यांच्यासोबत मी ओपीडीला जातो आणि बाकावर बसतो. हॉस्पिटलला यायचंच नसेल त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतो, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सगळ्यांची सक्तीने तपासणी करावी असं आमच्या एका अधिकाऱ्यांचं मत आहे, माझं नाही. सक्ती केली की त्या वीस प्रश्नांना सगळे शून्य लिहितील, जसं मी लिहिलं होतं. हा वाद आमच्यात चालूच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर दोघांना घेऊन गेलो. एकजण नियमित जातोय, त्याची यादी माझ्यापेक्षा लांब आहे. दुसऱ्याने दोनदा येऊन सोडलं, म्हणाला वेळ नाही आणि मॅडम फार प्रश्न विचारतात. त्याची आणि माझी पुढच्या आठवड्यात नाइट एकाच गाडीवर आहे, आणि त्या मॅडमची ओपीडी मंगळवारी सकाळी असते, म्हणजे आमची नाइट सुटते त्याच वेळी.